मागे वळून पाहणारी प्रेमं

घटस्फोटानंतरच्या प्रेमावर हॉलिवूडने हलकेफुलके चित्रपट पुष्कळ काढले. पण त्यातल्या बऱ्याच जणांचा जीव पहिल्याच जोडीदारात अडकलेला दिसतो. 'द ऑफुल ट्रुथ'मध्ये (१९३७) केरी ग्रँट आणि आयरिन डन कुत्र्याच्या ताब्यासाठी कोर्टात भांडतात आणि घटस्फोट कायम होण्याच्या रात्रीच पुन्हा एकत्र येतात. तेव्हा सेन्सॉर संहितेचा काच होता. परक्या स्त्री-पुरुषांची लगट दाखवणं जोखमीचं, पण कालपरवापर्यंतच्या नवरा-बायकोला मोकळीक होती. त्या बंधनातूनच अशा चित्रपटांना त्यांचं चटपटीत बोलणं मिळालं. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने १९८१ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, ते योग्यच होतं.

पुढे कायदा बदलला. १ जानेवारी १९७० पासून कॅलिफोर्नियात कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला. आता कथेला खलनायकाची गरज नव्हती. दोन भली माणसंही वेगळी होऊ शकत होती. तरीही 'तिकीट टू पॅरडाइज'मध्ये (२०२२) जॉर्ज क्लूनी आणि ज्युलिया रॉबर्ट्स मुलीचं लग्न मोडायला बालीला जातात आणि एकमेकांकडेच परततात. दोघेही देखणे, समुद्र निळाशार. पण इतक्या वर्षांच्या कडवटपणाचं झालं काय, हे चित्रपट विचारतच नाही. नॅन्सी मायर्सचा 'इट्स कॉम्प्लिकेटेड' (२००९) त्याहून प्रामाणिक आहे, कारण मेरिल स्ट्रीपची नायिका शेवटी जुन्या नवऱ्याला नकार देते. मात्र नव्या माणसाच्या वाट्याला त्यात फार थोडं येतं.

निकोल होलॉफसेनरचा 'इनफ सेड' (२०१३) मला या साऱ्यांत मोलाचा वाटतो. मसाज करणारी ईव्हा (ज्युलिया लुई-ड्रायफस) आणि टीव्हीच्या जुन्या कार्यक्रमांचं जतन करणारा अल्बर्ट (जेम्स गँडोल्फिनी) लॉस एंजेलिसमधल्या एका पार्टीत भेटतात. दोघे घटस्फोटित, दोघांच्याही मुली कॉलेजसाठी घर सोडणार. त्याच पार्टीत ईव्हाला मॅरिएन नावाची कवयित्री गिऱ्हाईक म्हणून मिळते. ती मसाज घेताना आधीच्या नवऱ्याची गाऱ्हाणी सांगत असते. तो नवरा म्हणजे अल्बर्टच, हे ईव्हाला उमगतं; तरी ती गप्प बसून ऐकत राहते. योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, मैत्रिणीच्या मोलकरणीचं उपकथानकही कच्चं आहे. पण या ऐकण्यामागची भीती अस्सल आहे. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. इथे ईव्हा ते फुंकण्याचं काम अल्बर्टच्या आधीच्या बायकोकडून करून घेते.

आणि गाऱ्हाणी तरी कसली? ग्वाकामोलेतला कांदा बाजूला सारणं, पलंगाशेजारी टेबल नसणं, वजन. ईव्हाला आधी याचं काहीच वाटत नव्हतं. मित्रांकडच्या जेवणात मात्र ती त्याच गोष्टींवरून त्याची चेष्टा करत सुटते. निघाल्यावर गाडीत अल्बर्ट विचारतो, ही संध्याकाळ मी माझ्या आधीच्या बायकोबरोबर घालवली असं का वाटतंय? गँडोल्फिनी आवाज चढवत नाही. 'द सोप्रानोज'मधल्या दांडगटासाठी ओळखला गेलेला हा नट इथे एवढा अवघडतो, दुखावतो, की ईव्हाचा थिल्लरपणा आपल्यालाही बोचतो. त्याच वर्षी जूनमध्ये तो वारला. चित्रपट सप्टेंबरमध्ये आला.

पुनर्मीलनाच्या चित्रपटांत जुनी भांडणं लाडिक होतात. इथे दुसऱ्याच कोणाचं जुनं भांडण नव्या माणसाच्या अंगावर येतं, आणि त्याला उत्तर देण्याची संधीही त्याला मिळत नाही. घटस्फोटित माणसाच्या प्रेमातली खरी अडचण ही आहे. हॉलिवूडने बालीची तिकिटं काढण्याऐवजी या गाडीतल्या संभाषणापासून पुढे लिहायला हवं होतं.