चंद्रपूरची दारूबंदी: सरकारने नेमकं काय मोजलं?

गेल्या महिन्यात आमच्या मीरा रोडच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रश्न निघाला, की खालच्या गाळ्यात वाइन शॉप येत असेल तर आपण ते अडवू शकतो का? मी दारूधोरणावर पीएचडी करते हे शेजाऱ्यांना माहीत, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. उत्तर सोपं होतं. मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं होतं, की सोसायटीच्या आवारात बिअरचं किंवा दारूचं नवं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. म्हणजे आपल्याला आधी विचारलं जाणार.

घरी आल्यावर मात्र चंद्रपूर डोक्यातून जाईना. तिथे एका दुकानाचा नाही, अख्ख्या जिल्ह्याचा प्रश्न होता. तो कसा सोडवला गेला ते आज बघू. दारूबंदी चांगली की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो सरकारने निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला हा.

आधी थोडा इतिहास. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने ही मागणी लावून धरली. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले आणि डिसेंबर २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरला, अधिवेशनावर चालत गेल्या. सरकारने समिती नेमली. अखेर १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मग सरकार बदललं, रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती आली आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली.

उठवताना जी कारणं जाहीर झाली, त्यातलं सगळ्यात वजनदार कारण गुन्ह्यांचं होतं. बंदीच्या आधीच्या पाच वर्षांत दारूचे सुमारे १६ हजार गुन्हे होते, नंतरच्या पाच वर्षांत ते ४० हजारांच्या वर गेले. ऐकायला भयंकर वाटतं ना? पण जरा थांबा. २०१४ मध्ये परवाना असलेल्या दुकानातून बाटली विकली की तो धंदा होता, २०१६ मध्ये तीच बाटली विकली की गुन्हा. कायद्याने गुन्ह्याची व्याख्याच रुंद केली, तर आकडा वाढणारच. शिवाय पोलिसांनी जास्त छापे घातले तरी आकडा वाढतो आणि डोळेझाक केली की कमी होतो. या आकड्यावरून पोलीस किती हलले ते कळतं, लोक किती पितात ते कळत नाही.

दुसरं कारण विषारी आणि बनावट दारूचं. ही भीती खोटी नाही. जुलै २०२२ मध्ये दारूबंदी असलेल्या गुजरातेत, बोटादकडे, विषारी दारूने चाळीसहून जास्त माणसं गेली. पण जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली, आणि मालवणी म्हणजे आपल्या उत्तनपासून खाडीपलीकडचं मालाड. तिथे दारूची दुकानं कायदेशीरपणे उघडी होती. म्हणजे नुसत्या बंदीवर किंवा नुसत्या परवानगीवर खापर फोडता येत नाही. गरिबाला परवडणारी दारू कुठून येते आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवतं, ते बघावं लागतं.

तिसरा आधार म्हणजे लोकांची निवेदनं. बंदी उठवा म्हणणारी अडीच लाखांहून जास्त निवेदनं आल्याचं सांगितलं गेलं. आता याच राज्याचा दुसरा नियम बघा. ‘आडवी बाटली’ ऐकली असेलच. गावातलं दुकान बंद करायचं तर बायकांनी आधी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि त्यात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. जी बाई मजुरीवर गेली आणि मतदानाला येऊ शकली नाही, ती आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. एक दुकान बंद करायला एवढी कडक परीक्षा. आणि अख्ख्या जिल्ह्यातली दुकानं पुन्हा उघडायला अर्जांचा गठ्ठा पुरला. गावोगावी मतदान झालं नाही, जुने परवाने पुन्हा चालू झाले.

आता दुसऱ्या बाजूलाही बोलायला हवं. २०१५ चा निर्णयही काही अभ्यासाचा नमुना नव्हता. चंद्रपूरला लागून यवतमाळ, नागपूर आणि तेलंगण आहे, तिथे दारू मिळते. वर्धा नदी ओलांडली की वणी. बंदी यशस्वी झाली असं कशावरून म्हणायचं, हे त्या दिवशी कोणी लिहून ठेवलं नाही. म्हणून सहा वर्षांनी ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याने उचलला. ‘सर्च’ संस्थेच्या पाहणीत बंदीनंतर पिणं घटल्याचं दिसलं होतं. त्या पाहणीवर शंका घ्या, हरकत नाही. पण मग सरकारने स्वतःची घरोघरची पाहणी करून ती खोडायला हवी होती. गुन्ह्यांच्या आकड्याने ती खोडली जात नाही.

हे जमू शकतं का? गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’मध्ये गावसंघटना, कारवाई आणि व्यसनींवर उपचार एकत्र चालतात, आणि पिणाऱ्यांचं प्रमाण वेळोवेळी मोजलं जातं. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण चुकलं तर कुठे चुकलं, हे तरी सापडू शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘दारूबंदी फसली’ किंवा ‘यशस्वी झाली’ अशी बातमी वाचलीत, तर आधी दोन गोष्टी शोधा. घराघरात पिणं आणि त्यावरचा खर्च कोणी मोजला का? आणि ज्या बायकांच्या घरात ती बाटली येते, त्यांना कोणी विचारलं का? आमच्या सोसायटीला विचारणार आहेत. चंद्रपूरच्या बायका तर स्वतःहून नागपूरपर्यंत चालत गेल्या होत्या.