रोजनिशीतून निसटलेला वऱ्हाड

वऱ्हाडच्या राजकारणावर लिहू पाहणाऱ्याला कागदांची टंचाई नाही. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी कित्येक दशके इंग्रजीत रोजनिशी लिहिली. त्या वह्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नागपूरच्या डॉ. मुंज्यांच्या रोजनिशा आणि वणीत जन्मून यवतमाळात वकिली केलेल्या लोकनायक बापूजी अण्यांची कागदपत्रे तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात आहेत. एवढा ऐवज असूनही यवतमाळ जिल्ह्याचा सामाजिक इतिहास आपण बहुतांशी गौरवग्रंथांवरून आणि सांगोवांगीवरून लिहितो. रोजनिशीतली मोठ्या माणसांची भेट तेवढी उचलायची आणि बाकीचे पान उलटायचे, ही सवय आपल्याला जडली आहे.

मुंज्यांचेच बघा. मार्च १९३१ मध्ये रोममध्ये मुसोलिनीशी झालेल्या भेटीची त्यांची नोंद मार्झिया कासोलारी यांच्या २०००मधल्या लेखामुळे सर्वतोमुखी झाली. ती नोंद महत्त्वाचीच आहे. पण नागपुरात डोळ्यांच्या डॉक्टरकीचा व्यवसाय केलेला हा माणूस रोज कोणाला भेटत होता, कोणाकडे उठबस करत होता, पैसा कुठून येत होता, हे प्रश्न त्या एका भेटीच्या सावलीत झाकले गेले.

खापर्ड्यांच्या वाट्याला दुसरी कात्री आली. मराठी वाचकाच्या सहज हाती लागते ती त्यांची शिर्डीची डायरी, आणि तिच्यातला मोठा भाग डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या मुक्कामाचा. भाविकांनी ती जपली आणि छापली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र भक्तीइतकेच तिच्यात समाजाचेही दर्शन आहे. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांच्या अपिलासाठी विलायतेत राहून परतलेले, सरकारच्या डोळ्यांत खुपणारे खापर्डे शिर्डीत पहाटे काकड आरतीला जातात, पंचदशीचे वाचन करतात आणि दिवसभरात कोण आले, कोण गेले, कोणाची प्रकृती बिघडली हे टिपून ठेवतात. त्याच गावी, त्याच आरतीला निवृत्त मामलेदार बाळासाहेब भाटे आहेत, मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम दीक्षित आहेत. इंग्रजी राज्यात शिकलेला, त्याच राज्याच्या कचेऱ्यांत आणि कोर्टांत वावरलेला वर्ग एका फकिरापाशी काय शोधत होता? या प्रश्नाचे उत्तर सभेच्या वृत्तांतात मिळणार नाही. आजारपणाच्या आणि पाहुण्यांच्या या साध्या नोंदींतच ते दडले आहे. खापर्ड्यांच्या चिरंजीवांनी, बाळकृष्ण खापर्डे यांनी, वडिलांचे चरित्र लिहिले, तेही मोलाचे. पण चरित्रकार निवड करतो आणि मुलगा तर अधिकच जपून करतो. सलग छापलेल्या, टिपांसह संपादित केलेल्या रोजनिशीची जागा चरित्र घेऊ शकत नाही.

अण्यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. १९३३मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते आणि गांधीजींनी त्यांना लिहिलेली पत्रे गांधीजींच्या समग्र वाङ्मयात वाचता येतात. पण एकाच बाजूची पत्रे वाचणे म्हणजे अर्धाच संवाद ऐकणे. बापूजींनी टिळकांवर लिहिलेल्या संस्कृत महाकाव्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या पत्रव्यवहारालाही तेवढ्याच निष्ठेचा संपादक मिळायला हवा.

आणि तरीही, ही सगळी पत्रे उद्या छापून आली तरी यवतमाळचा निम्मा इतिहास बाहेरच राहील. १० जुलै १९३० रोजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनीही सत्याग्रह केला. या तारखा आपल्याला पाठ आहेत, कारण त्या नेत्यांच्या अटकेच्या तारखा आहेत. गवताचा प्रश्न मात्र त्या दिवशी सुरू झाला नव्हता आणि त्या दिवशी संपलाही नाही. चराईची फी, कोंडवाड्यात अडकलेली गुरे, मोळी विकून पोट भरणाऱ्या गोंड, कोलाम, बंजारा बाया यांची बाजू कोणत्या रोजनिशीत शोधायची? ती शोधावी लागते वनखात्याच्या दंडाच्या कागदांत, लिहिता येणाऱ्याकडून लिहवून घेतलेल्या अर्जांत आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवरच्या, कोलामांच्या पोडांवरच्या आठवणींत. नेत्याची डायरी अशा कागदांशेजारी ठेवली तरच तिच्यातले मौन ऐकू येते.

जिल्ह्यातल्या अलीकडच्या पत्रांकडे पाहताना तर मन घट्ट करावे लागते. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. मागे पत्र ठेवले होते. त्यानंतरच्या वर्षांत या जिल्ह्यात सरकारला, बँकेला, थेट पंतप्रधानांना उद्देशून चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. मी त्यांना राजकीय पत्रे म्हणतो आणि पूर्ण विचारांती म्हणतो. पिकाचा भाव, कर्ज, मुलीचे लग्न, शासनाशी असलेले नाते हे सगळे ज्या पत्रांत एकत्र येते, ती पोलिसांच्या पंचनाम्याला जोडली जातात. मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवताना कर्ज आणि नापिकी तपासली जाते. बाकीचा मजकूर फायलीत पडून राहतो. त्याच वेळी वर्तमानपत्रे या चिठ्ठ्यांतले एखादे वाक्य मथळ्यासाठी कापून घेतात. मोठ्यांच्या रोजनिशीवर चालली तीच कात्री इथेही चालते, आणि इथे ती अधिक क्रूर आहे.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वे साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे निमंत्रण देऊन ते मागे घेण्यात आले. नेहरूंनी बहिणीला, म्हणजे सहगल यांच्या आईला, लिहिलेली पत्रे याच बाईंनी संपादित केली आहेत. घरातला पत्रव्यवहार सार्वजनिक करताना काय राखावे आणि काय उघडे करावे, हे जाणणारे माणूस आपल्या दारी येता येता राहिले, याची खंत मला आजही वाटते.

विदर्भातल्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी दिल्लीतल्या वह्यांच्या प्रती आणून खापर्ड्यांची निदान दहा वर्षे तरी एकही नोंद न गाळता छापावीत. शेतकऱ्यांच्या पत्रांसाठी घरच्यांची संमती आधी घ्यावी, नावे झाकावीत, पण एकही ओळ वगळू नये. आणि प्रत्येक पत्राशेजारी त्या वर्षीचा कापसाचा भाव, पाऊसपाणी आणि त्या कुटुंबाने कचेरीत दिलेला अर्ज ठेवावा.