महाकाय आगबोटीवरील फ्रेंच उपहासचित्रे

यंत्रयुगाच्या भव्यतेची थट्टा करणारा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच व्यंगचित्रांचा एक प्रकार. ‘ग्रेट ईस्टर्न’ ही आगबोट हे त्याचे स्वाभाविक लक्ष्य होते. इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल (१८०६–५९) ह्या अभियंत्याने आराखडा केलेल्या ह्या बोटीची लांबी सु. २११ मी. होती, तिला सहा डोलकाठ्या, पाच धुरांडी, दोन्ही बाजूंस वल्हेचक्रे व मागे मळसूत्री पंखा होता. सु. ४,००० उतारूंची सोय असूनही १८६० मधील पहिल्या अटलांटिक सफरीत भाडे भरणारे उतारू चाळिसांच्या आतच होते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अमेरिकन प्रेक्षक आणण्याकरिता एका फ्रेंच कंपनीने ती भाड्याने घेतली. तो व्यवहारही आतबट्ट्याचाच ठरला.

फ्रेंच उपहासाला महाकायाचे आकर्षण जुनेच आहे. राब्लेच्या गार्गांत्युआ ह्या राक्षसाचे रूप ऑनोरे दोम्ये (१८०८–७९) ह्याने १८३१ मध्ये राजा लूई फिलिप ह्याला दिले व त्यापायी तुरुंगवास भोगला. १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर बंधने आली, तेव्हा शार्ल फीलीपाँ ह्याने १८३२ मध्ये काढलेले ‘ल शारिव्हारी’ हे पत्र सामाजिक विषयांकडे वळले. रेल्वे, छायाचित्रण, विमानविद्या ही नवी दैवते थट्टेचा विषय झाली. राक्षस तोच राहिला; फक्त त्याने लोखंडी देह धारण केला.

अशा विषयात एक कलात्मक अडचण असते. अतिशयोक्ती हे व्यंगचित्राचे मुख्य साधन. परंतु जी वस्तू मुळातच अतिशयोक्त आहे, ती आणखी फुगवून विनोद साधत नाही. त्यामुळे विनोदाचे केंद्र बोटीकडून माणसाकडे सरकते : एवढ्या मोठ्या पसाऱ्यात हरवलेला, तरीही आपल्या क्षुद्र सवयी न सोडणारा उतारू हाच खरा हास्यविषय ठरतो. ज्यूल व्हेर्न (१८२८–१९०५) ह्याने १८६७ मध्ये ह्या बोटीतून प्रवास केला. त्यावर आधारलेल्या कादंबरीत त्याने बोटीला तरंगते शहर मानले, ह्यामागेही हीच दृष्टी दिसते.

ह्या उपहासाची मर्यादा मुंबईच्या संदर्भात स्पष्ट होते. पूर्वेकडील दूरच्या प्रवासासाठी कल्पिलेली ही बोट उतारू घेऊन इकडे कधीच आली नाही. मात्र १८७० च्या प्रारंभी ती केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईस आली आणि तेथून एडनच्या दिशेने तिने तारायंत्राची समुद्री केबल टाकली. नुकताच खुला झालेला सुएझ कालवा तिला अपुरा होता. हजारो मैलांची केबल एकाच वेळी पोटात घेणे तिच्या आकारामुळेच शक्य झाले. जो आकार उतारू वाहतुकीत हास्यास्पद ठरला, तोच येथे उपयोगी पडला.

मुंबईलाही व्यंगचित्रांची परंपरा अपरिचित नव्हती. ‘शारिव्हारी’च्या धर्तीवर १८४१ मध्ये लंडनला ‘पंच’ निघाले आणि त्याच्या नमुन्यावर १८५४ मध्ये मुंबईत ‘पारसी पंच’ सुरू झाले. म्हणजे फ्रेंच उपहासाचा वारसा बोटीच्या आधीच ह्या बंदरात पोहोचला होता.

भव्यतेचा दिमाख आणि तिचा उपयोग ह्यांतील अंतर दाखविणे, हे ह्या प्रकाराचे सामर्थ्य होय. तथापि वस्तूचा उपयोग तिच्या निर्मात्याच्या कल्पनेपलीकडेही असू शकतो, हे त्याच्या नजरेतून निसटते. १८८९-९० मध्ये बोट मोडीत निघाली. पण तिच्या निमित्ताने उभा राहिलेला, आकार म्हणजेच प्रगती काय, हा प्रश्न मात्र मोडीत निघालेला नाही.