शतकाची अखेर आणि एका पाखराचें गाणें

वर्ष सरतांना आशेचीं काव्यें लिहिण्याची चाल अनेक देशांत आहे, आणि वाईट वर्षाच्या शेवटीं तर तिला भरतीच येते. अशा काव्यांची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी? दिवाळींत वहीपूजन करणारा व्यापारी मागील बाकी ओढल्यावांचून नव्या वहीचा व्यवहार सुरू करीत नाहीं. कवीनेंही सरत्या काळाची बाकी नव्या पानावर ओढली आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. आंग्ल वाङ्मयांतील दोन प्रसिद्ध कविता या दृष्टीनें शेजारीं ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पहिली टेनिसनची. त्याचा मित्र आर्थर हॅलम १८३३ सालीं व्हिएन्ना येथें अकस्मात् वारला. तें दुःख सतरा वर्षें मुरून १८५० सालीं ‘इन मेमोरियम’ हें दीर्घ शोककाव्य प्रसिद्ध झालें. त्यांतील नववर्षाच्या घंटांचें प्रकरण सर्वश्रुत आहे. जुन्या वर्षाबरोबर असत्य, श्रीमंत-गरिबांचें वैर, पक्षद्वेष, रोगराई आणि युद्धें यांनाही निरोप द्या, अशी आज्ञा कवि त्या घंटांना करितो. मूळ काव्याच्या ओघांत या प्रकरणामागें शोकाचा लांब प्रवास उभा असतो. म्हणून तेथें तें शोभतें. तेंच सुटें करून दरवर्षीं म्हटलें, म्हणजे बाकी गळून पडते आणि केवळ आज्ञा उरते. ही आज्ञा काळानें कितपत मानली? १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत घोडेस्वारांनीं केलेल्या हल्ल्यावर याच कवीस वीरकाव्य लिहावें लागलें! यावरून त्यास कोणी ढोंगी म्हणूं नये. हुकुमानें बोलाविलेली आशा हुकूम न मानणाऱ्या जगापुढें किती दुबळी ठरते, एवढेंच यावरून ध्यानांत घ्यावें.

दुसरी कविता थॉमस हार्डीची. १९०० सालाची अखेर होती. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धास वर्ष उलटून गेलें होतें. इकडे हिंदुस्थानांत १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडून गेला होता, आणि १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग हटला नव्हता. साठ वर्षांच्या हार्डीनें तेव्हां ‘द डार्कलिंग थ्रश’ ही कविता लिहिली. ती ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकांत २९ डिसेंबर १९०० रोजीं छापली गेली, आणि त्या वेळच्या मथळ्याचा अर्थ ‘शतकाच्या मृत्युशय्येपाशीं’ असा होता.

कवितेची रचनाच तिचा विचार सांगते. ३२ ओळींपैकीं पहिल्या १६ ओळींत आशेचा मागमूसही नाहीं. गोठलेली संध्याकाळ, वाळलेल्या वेली, निर्मनुष्य माळ; सारी भूमि म्हणजे जणूं गेलेल्या शतकाचें कलेवर! ही बाकी पुरती मांडून झाल्यावरच एक पाखरूं गाऊं लागतें. तें आपल्या कस्तुराच्या कुळांतलें आहे. पण वसंताचें तरुण पाखरूं नव्हे, तर म्हातारें, रोडावलेलें आणि वाऱ्यानें पिसें विस्कटलेलें. भोंवतालीं तर गाण्यासारखें कांहींच नाहीं. कवीला त्यापासून स्फूर्ति होत नाहीं. आपल्याला ठाऊक नसलेली एखादी आशा या पाखराला ठाऊक असावी असें मानतां येईल, एवढ्यावर तो थांबतो.

कित्येकांस येथें उपरोध दिसतो. भोळें पाखरूं गातें आणि शहाणा कवि मनांत हंसतो, असें ते म्हणतात. आम्हांस हें पटत नाहीं. पाखराला हंसणारा कवि त्याच्या गाण्यापुढें स्वतःच्या अज्ञानाची कबुली देता ना. शिवाय महायुद्ध पेटलें असतां २४ डिसेंबर १९१५ रोजीं ‘टाइम्स’ पत्रांत हार्डीची ‘द ऑक्सन’ ही कविता आली. नाताळच्या मध्यरात्रीं गोठ्यांतले बैल गुडघे टेकतात, अशी तिकडची जुनी समजूत. कवीचा तिच्यावरचा विश्वास उडालेला आहे. तरी कोणी चल म्हटलें, तर तें खरें असेल या आशेनें अंधारांतून आपण जाऊं, असें तो सांगतो. पंधरा वर्षांनीं, अधिक वाईट काळांत, पुन्हां तीच वृत्ति. हा उपरोध नव्हे, ही निष्ठा होय.

मराठी वाचकाला येथें केशवसुतांच्या ‘तुतारी’ची आठवण होईल. ती १८९३ सालची, म्हणजे त्याच दशकांतली. टेनिसनच्या घंटा दुसरा कोणी वाजवितो. केशवसुत तुतारी स्वतःच्या प्राणानिशीं फुंकूं पाहतात. १९०५ सालीं त्यांना हुबळी येथें प्लेगनेंच नेलें, तरी तो ध्वनि विरला नाहीं. समाजाला अशा हांकेची गरज सदैव आहे. परंतु कांहीं वर्षें अशींही येतात कीं, माणसाजवळ फुंकण्याइतका श्वासच उरत नाहीं. घरांत मृत्यु झालेला असतो, अन्न महाग झालेलें असतें, आणि ‘उठा’ म्हणणाऱ्या कवीचा त्याला राग येतो. त्या माणसाच्या उपयोगीं हार्डी पडतो. ‘तूं आशा धर’ असें तो सांगत नाहीं. ‘तुझ्याजवळ ती नसली तरी जगांत कोठें तरी ती असूं शकेल, कान बंद करूं नकोस’, इतकाच त्याच्या कवितेचा आशय आहे.

त्या पाखराच्या गाण्यानंतर आलेल्या शतकानें दोन महायुद्धें दाखविलीं. तरी ही कविता खोटी पडली नाहीं, कारण तिनें वचन असें कांहीं दिलेंच नव्हतें. सव्वाशे वर्षांनंतरही एखाद्या कठीण वर्षाच्या शेवटीं ती काढून वाचावीशी वाटते. बाकी पुरती ओढून झाल्यावर पानावर जी थोडी कोरी जागा राहते, ती आपण होऊन काळी करूं नये, हें ती शिकविते. येणाऱ्या वर्षासाठीं तूर्त एवढी शिदोरी पुरेशी आहे.