एका विशेषणाची दोन कामे

ज्या विशेषणांवाचून मराठी समीक्षेचे पान हलत नाही, त्यांत ‘ऐतिहासिक’ आणि ‘अभिजात’ ही दोन अग्रभागी आहेत. शब्द संस्कृत वळणाचे खरे. परंतु आधुनिक समीक्षेत ते बव्हंशी इंग्रजी विशेषणांचे प्रतिशब्द म्हणून रुळले. त्यांची परीक्षा करावयाची तर आधी त्या इंग्रजी विशेषणांची घडण पाहणे प्राप्त आहे.

ग्रीक भाषेत नामापासून विशेषण साधणारा ‘इकॉस’ हा प्रत्यय होता. लॅटिनमध्ये त्याचा भाऊबंद ‘इकुस’. उत्तरकालीन लॅटिनने त्यावर आपला ‘आलिस’ हा प्रत्यय आणखी चढविला. इंग्रजीने काही थेट आणि काही फ्रेंचच्या द्वारे अशी दोन्ही रूपे उचलली, आणि त्यामुळे तिच्याकडे एकाच नामाची दोन-दोन विशेषणे जमली : हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, क्लासिक आणि क्लासिकल, इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल. पाणिनीच्या ‘ठक्’ प्रत्ययाच्या जागी येणारा आमचा ‘इक’ याच घराण्यातला मानला जातो. आद्य स्वराची वृद्धी करून तो ‘इतिहासा’चे ‘ऐतिहासिक’ करतो. मात्र त्याच्यावर दुसरा मजला चढलेला नाही.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची १८७१ सालची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी आहे, असे आपण म्हणतो. आणि ‘मोचनगड’चे प्रकाशन ही मराठीतील ऐतिहासिक घटना आहे, असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कथानक शिवकालातले आहे एवढेच सांगितले; ते वर्णन आहे. दुसऱ्या वाक्यात त्या प्रकाशनाने मराठी कादंबरीला नवी वाट दाखविली, असा निवाडा दिला. इंग्रजी लेखक पहिल्या ठिकाणी ‘हिस्टॉरिकल’ व दुसऱ्या ठिकाणी ‘हिस्टॉरिक’ लिहील. आमच्या वाक्यात वर्णन कोठे संपले आणि गौरव कोठे सुरू झाला, हे वाचकाने संदर्भावरून ताडावयाचे.

यावरून इंग्रजी प्रत्ययांतच काही अंगभूत विवेक आहे, असे कोणी समजू नये. ‘हिस्टॉरिक’मध्ये आखूड रूप गुण सांगते व लांब रूप केवळ संबंध, ‘इकॉनॉमिक’ अर्थव्यवहाराशी संबंध सांगते, आणि काटकसरीचा गुण सांगण्याचे काम तेथे लांब रूपाकडे गेले आहे. म्हणजे वाटणी नेमकी उलटी! शिवाय पूर्वीचे इंग्रजी लेखक ‘हिस्टॉरिक’ व ‘हिस्टॉरिकल’ अदलाबदलीने वापरीत. भेद प्रत्ययाने केला नाही, तो लिहिणाऱ्यांनी सवयीने पाडला. तेव्हा मराठीला नवा प्रत्यय हवा असे नाही. असलेल्या शब्दांत कामाची वाटणी करणारी शिस्त हवी.

‘अभिजात’च्या बाबतीत ही निकड अधिक आहे. लॅटिनमध्ये ‘क्लासिकुस’ म्हणजे रोमन नागरिकांच्या वरच्या वर्गातला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने हा शब्द प्रमाणभूत लेखकासाठी वापरलेला आढळतो. आमचा ‘अभिजात’ही मुळात कुलीन माणसाचेच विशेषण. दोन्हीकडे कुळाचा मान ग्रंथाला मिळाला, हा योग लक्षणीय आहे. परंतु पुढे इंग्रजीने उत्कृष्ट ग्रंथाला ‘क्लासिक’ आणि प्राचीन परंपरेशी संबंध असलेल्याला ‘क्लासिकल’ असे बहुतांशी वेगळे केले. आम्ही दोहोंना ‘अभिजात’च म्हणत राहिलो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. त्याचा आनंद महाराष्ट्राबाहेरच्या आम्हा मराठी भाषिकांना तितकाच आहे. पण येथील मूळ इंग्रजी शब्द ‘क्लासिकल’ आहे, ‘क्लासिक’ नव्हे. त्या दर्जाच्या निकषांत भाषेचे प्राचीनत्व व जुनी ग्रंथसंपदा यांना महत्त्व आहे. तो दर्जा भाषेच्या वयाची आणि वारशाची साक्ष देतो. आज लिहिल्या जाणाऱ्या कवितासंग्रहाच्या गुणवत्तेची साक्ष तो देत नाही, देऊ शकत नाही. तरीही ‘अभिजात मराठीतील’ या शब्दांच्या आधाराने सामान्य पुस्तकाची प्रस्तावना सजविण्याचा मोह होतो, तेव्हा भाषेचे विशेषण हळूच पुस्तकाला चिकटते आणि समीक्षकाने करावयाचे काम न करताच राहते.

हा विवेक मराठीला परका नाही. संगीतात आपण ‘क्लासिकल’ला ‘शास्त्रीय’ म्हणतो. एखाद्याचे शास्त्रीय गायन बेसूर झाले, असे म्हणताना कोणालाही विसंगती वाटत नाही. कारण ‘शास्त्रीय’ हा गाण्याचा प्रकार आहे, प्रशस्तिपत्र नव्हे. संगीताच्या श्रोत्याने सांभाळलेला हा भेद साहित्याच्या समीक्षकाने गमवावा, हे आम्हांस ठीक वाटत नाही.

आमची सूचना साधी आहे. इतिहासाशी संबंध सांगावयाचा असेल तेथे ‘ऐतिहासिक’ लिहावे. घटनेचे मोठेपण सांगावयाचे असेल तेथे ‘युगप्रवर्तक’ किंवा ‘वळण देणारी’ असे लिहून ते वळण कोणते, हेही सांगावे. भाषेचा दर्जा सांगताना ‘अभिजात’ शब्द आता रूढ झाला आहे, तो राहू द्यावा. मात्र ग्रंथाला तो लावताना त्या ग्रंथातील पुरावा वाचकापुढे ठेवावा. विशेषण मागे घ्यावे लागले तरी चालेल, पण पुराव्यावाचून ते देऊ नये. आपल्याकडे प्रत्यय एकच आहे, म्हणून ही जबाबदारी लेखणीवर दुप्पट येते.