आईच्या डोळ्यांनी पाहिलेले घर

मराठी मनातील आई ही बहुधा लेकराच्या डोळ्यांनी पाहिलेली आई असते. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. माधव जूलियन आणि यशवंत यांच्या कवितांत आईला पारखे झालेल्या लेकराची हाक आहे. हे सारे साहित्य आम्हांस वंदनीय आहे. परंतु त्या आईला स्वतःचे घर कसे दिसत होते, हा प्रश्न तेथे क्वचितच पुढे येतो. आपल्या काळातील काही भारतीय चित्रकर्त्रींनी तो हाती घेतला. त्यांतील नीलिमा शेख यांचे नाव आपल्या बडोद्याशी निगडित असल्याने येथील वाचकांनी या चित्रांकडे आवर्जून पाहावे, असे आम्हांस वाटते.

नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग या चौघींचे 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे प्रदर्शन 1987 ते 1989 या काळात देशात ठिकठिकाणी भरले. चौघींची शैली भिन्न. घर आणि स्त्री यांविषयीची आस्था मात्र समान. माधवी पारेख यांनी कलाशाळेचे शिक्षण घेतलेले नव्हते. 1964 साली, पहिल्या खेपेस दिवस गेले असताना, त्यांनी चित्रे काढावयास आरंभ केला. बाळंतपण आले की बाईची कला संपली, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. येथे तिचा आरंभच त्या काळात झाला.

अर्पिता सिंग यांचे 'माय मदर' हे 1993 सालचे चित्र याहून अस्वस्थ करणारे आहे. आईची आकृती मोठी व स्थिर. भोवती मात्र हिंसाचार आणि मृतदेह. आईच्या पदराआड सारे सुरक्षित असते, या आपल्या लाडक्या कल्पनेला हे चित्र आधार देत नाही. जग पेटलेले असताना आई केवळ उभी राहू शकते, आणि ते उभे राहणेही थोडके नाही.

नीलिमा शेख यांनी येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकलेचे शिक्षण घेतले. त्यांची 'व्हेन चंपा ग्रू अप' ही 1984 सालची 12 चित्रांची मालिका आम्हांस या विषयावरील सर्वांत मोलाची कृती वाटते. ओळखीतल्या एका मुलीची ही कथा. बागडण्याच्या वयातील चंपा, तिचे लग्न, सासरचा छळ आणि अखेरीस जाळून झालेला अंत. लघुचित्रांची आठवण करून देणारे लहान आकार, टेम्पेराचे कोमल रंग. आक्रोश कोठेही नाही. अशा गोष्टी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. ही चित्रे जवळ जाऊन, एकामागून एक पाहावी लागतात, आणि म्हणून पान उलटण्याची सोय राहत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. कुटुंबसंस्थेने आपणांस एवढे दिले असता तिची काळी बाजूच का रंगवावी? परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना हा आक्षेप विशेष जवळचा वाटेल, कारण भाषा, सणवार आणि कुळाचार आपण घराच्याच आधाराने टिकवले. परंतु हे टिकवण्याचे कष्ट बहुतांशी घरातील स्त्रियांनीच उपसले. आणि चंपाच्या कथेत एक अवघड सत्य आहे: सासूही कोणाची तरी आईच असते. मुलासाठी प्रेमस्वरूप असलेली बाई सुनेसाठी काय असते, हे मुलाने लिहिलेल्या आईच्या स्तोत्रात कधीच कळणार नाही.

म्हणून या चित्रांना आम्ही कुटुंबाची निंदा मानत नाही. घर ज्यांनी चालवले, त्यांची ही साक्ष आहे. आईचे गुणगान आपण पुष्कळ केले. आता तिची साक्षही ऐकून घ्यावी.