तीन पानांची केस

‘बाई, वय 46. दोन दिवस लघवीला जळजळ. को-ट्रायमॉक्साझोल, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस.’ केस सुरू होते ती एवढ्यावरच. चिठ्ठी गल्लीतल्या डॉक्टरांची, अक्षर वाचता येण्याजोगं, डोस बरोबर. नवा फार्मासिस्ट पट्टी कापायला कात्री उचलतो आणि केस लिहिणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

2015च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समुळे फार्मासिस्टांना पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. तिथे बहुतेक वेळ पडद्यावरच्या स्लाइड्स सरकत असतात. त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हृदयरोग आणि जंतुसंसर्ग हे विषयही सहसा वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या वक्त्यांकडे जातात. पण ‘ही चिठ्ठी हातात आहे, आता बोला’ अशा बेताची, नव्या मंडळींसाठी रचलेली कागदी केस चांगली जमली, तर ती कथेसारखी वाचावी. माझ्यासमोरची ही केस हे दोन विषय एकाच बाईत आणून बसवते.

पहिल्या पानावरचा संवाद बघा. फार्मासिस्ट विचारतो, “काकू, दुसरं काही औषध चालू आहे?” काकू म्हणतात, “नाही हो.” त्या खोटं बोलत नाहीत. आठ वर्षं रोज संध्याकाळी घेतलेल्या गोळीला कुणी औषध म्हणत नाही, ती जेवणासारखीच अंगवळणी पडलेली असते. पुढच्या ओळीत प्रश्न बदलतो: “रोज ठरल्या वेळेला घेता अशी एखादी गोळी? महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासायला जाता का?” आणि पिशवीतून पट्टी निघते. रक्त पातळ ठेवणारं असिनोकुमारॉल, 2 मिलिग्रॅम, शनिवार-रविवार 3. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप निकामी केली आणि तिच्या जागी धातूची बसवली, हे तेव्हा कळतं. ‘दुसरं औषध’ऐवजी ‘रक्त तपासणी’ विचारण्यात लेखकाचा हात दिसतो. औषधाचं नाव विसरतं, सुई विसरत नाही.

आणखी एक बारकावा सहज निसटेल. परदेशी पुस्तकांत सगळीकडे वॉरफरीन असतं. आपल्याकडच्या काउंटरवर असिनोकुमारॉल भरपूर खपतं आणि ते शरीरातून वॉरफरीनपेक्षा लवकर निघून जातं. लेखकाने पुस्तकातलं उदाहरण न उचलता दुकानातली पट्टी उचलली, शनिवार-रविवारच्या वाढीव डोससकट. तो वाढीव डोस म्हणजे कुणीतरी हे रक्त आठ वर्षं जपून तोलत आणलंय याची खूण.

एका जागी मात्र लेखकाचा तोल जातो. काकू बोलता बोलता थांबल्या की छातीतून बारीक टिकटिक ऐकू येते, असं त्याने लिहिलंय. धातूच्या झडपेची टिकटिक खरी असते, शांत खोलीत ऐकूही येते. पण संध्याकाळी सात वाजता, दुकानासमोर रिक्षा घरघरत असताना? हा मोह टाळायला हवा होता.

दुसरं पान म्हणजे या केसचा गाभा. ‘ही दोन औषधं एकत्र का नकोत?’ बहुतेक जण जुनं उत्तर देतात: अँटिबायोटिकने आतड्यातले जिवाणू मरतात, व्हिटॅमिन के घटतं, रक्त आणखी पातळ होतं. उत्तरपत्रिका याला अर्धेच गुण देते. बाकीचे अर्धे यकृतात आहेत. को-ट्रायमॉक्साझोलमधलं सल्फामेथॉक्साझोल तिथल्या सीवायपी टू सी नाइन या विकराला अडवतं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निचरा मंदावतो. मायट्रल जागच्या धातूच्या झडपेसाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचं माप, साधारण 2.5 ते 3.5 हवा, तो काही दिवसांतच चढू लागतो. पर्याय म्हणून नायट्रोफ्युरँटॉइन सुचवायचं, पण त्याला मूत्रपिंड धड असावं लागतं. आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, रक्तदाबाच्या नोंदीखाली, क्रिएटिनिन 0.9 लिहिलेलं होतं! ते वाचताना कुणाचं लक्ष गेलं नसेल. पेरलेलं बी इतकं बेमालूम आणि तरी डोळ्यांसमोर.

मध्ये दाताचा एक छोटा प्रसंग येतो. झडपेवर जंतू बसू नयेत म्हणून दात काढण्याआधी अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, एकदाच, अर्धा ते एक तास आधी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण काकू संधिवाताचा ताप उलटू नये म्हणून पेनिसिलीन व्ही रोज दोनदा घेतात. गोळ्याच, रक्त पातळ असताना स्नायूत इंजेक्शन टाळलेलं बरं. रोज पेनिसिलीन पोटात जात असेल, तर तोंडातले जंतू त्याला सरावलेले असू शकतात, म्हणून एका डोससाठी वेगळ्या वर्गातलं औषध निवडायचं, जसं अझिथ्रोमायसीन. पाठांतरावर इतकी हलकी टपली क्वचित बसते.

तिसरं पान वर्षभरानंतरचं आहे. काकूंना क्षयरोग होतो. रिफाम्पिसिन आधीच्या नाटकाची उलटी बाजू दाखवतं: ते यकृतातली विकरं वाढवतं, गोळी भराभर नष्ट होते, आयएनआर घसरतो, झडपेवर गुठळी होण्याची भीती. डोस दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही वाढवावा लागतो. सहा महिने असेच जातात. वाचणाऱ्याला वाटतं, धोका सरला. आणि शेवटची चिठ्ठी येते: क्षयाच्या गोळ्या बंद. नवीन काहीच नाही. संगणकातली परस्परक्रियेची सूचना वाजणार नाही, कारण वाजायला दुसरं औषधच उरलेलं नाही. पण विकरं पुढच्या दोन-चार आठवड्यांत खाली येतील, आणि वाढवून ठेवलेली गोळी तशीच चालू राहिली तर रक्त पातळ होत जाईल. आनंदाच्या चिठ्ठीत, एक औषध कमी होण्यात धोका ठेवण्याची ही करामत मी दोनदा वाचली ती निव्वळ मजा म्हणून.

शेवटचा प्रश्न ‘डोस किती करावा?’ असा नाही. तो डॉक्टरांनी ठरवायचा. विचारलंय ते हे: फोन कुणाला करणार, क्षयाच्या डॉक्टरांना की हृदयाच्या? आयएनआर कोणत्या आठवड्यात करायला सांगणार? आणि काकूंना काय म्हणणार? नमुना उत्तरात गोळीचं नाव एकदाही येत नाही. “काकू, क्षयाच्या गोळ्या संपल्या, बरं झालं. आता महिनाभर रक्त दर आठवड्याला तपासायचं. हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग दिसले, की थांबायचं नाही, थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे. आणि मेथी-पालक बंद करू नका, नेहमी खाता तेवढीच खा.” वर्गातले बरेच जण हे वाक्य लिहून घेतात. परीक्षकाने मात्र सर्वाधिक गुण ‘दर आठवड्याला’ या दोन शब्दांना ठेवलेत.